वीस मिनिटांची भिंत

अर्धे वाल सोलून झाले होते आणि अर्धे कोमट पाण्यात होते, तेवढ्यात चांगदेवभाऊ परत आले. घड्याळात साडेआठ. शुक्रवारी ते दहाच्या आत कधी येत नाहीत, म्हणून मी आधी पलंगावर पडलेल्या त्यांच्या बायकोकडे, मीनाकडे बघितलं आणि मग दाराकडे. त्यांच्या खांद्याला दोराची पिशवी होती. दोर सकाळी भरला तसाच गुंडाळलेला, धूळसुद्धा लागलेली नव्हती.

"काय झालं? गाडी बंद पडली का?"

"नाही वहिनी. देव आडवा आला."

ते खुर्चीवर बसले, बूट काढले आणि मग नीट सांगू लागले. डोंगराच्या ज्या उभ्या कातळभिंतीवर ते दोर लावून चढायला जातात, तिच्यावरच्या मधल्या वाटेच्या पायथ्याशी कुणीतरी देव बसवला होता. गेल्या तीन शुक्रवारांत आधी नारळाची शकलं दिसली, मग हिरव्या बांगड्या, मग काठीला बांधलेलं लाल फडकं. आज पाड्यातले धनाजी म्हणून एक गृहस्थ वाटेतच उभे होते. म्हणाले, देवाच्या डोक्यावर पाय देऊन चढायचं नाही.

"मी म्हटलं, धनाजीराव, तो देव नाही, माझा रंग आहे. खूण म्हणून मारलाय. तर ते म्हणाले, तुमी मारला आसंल, पन आता तिथं देव हाय." चांगदेवभाऊ थोडे हसले. "कारखान्यातला प्राइमर, वहिनी. डब्याच्या तळाला उरलेला. त्याला कुणी पहिलं फूल वाहिलं, देव जाणे."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. ते पहिलं फूल मी वाहिलं होतं.

मी पुढचा वाल घेतला. मीना डाव्या हाताने एकेक वाल दाबून दाणा बाहेर काढत होती. तिचा एक होईतो माझे दहा होतात, पण ती सोडत नाही. दहा वाजता मी उरलेले वाल पाण्यासकट उचलून घरी आणले आणि देवळात गेले. दर शुक्रवारी साडेदहाला आम्ही बायका सेक्टरच्या देवळात श्रीसूक्ताची आवर्तनं करतो. एकोणीस वर्षं झाली. पोथ्यांच्या आणि समयांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे मला उशीर चालत नाही. त्या दिवशी किती आवर्तनं झाली ते मोजताना मी चुकले. रात्री वहीत इतकंच लिहिलं, वाल अर्धे राहिले.

चांगदेवभाऊ आमच्या समोरच्या दारात राहतात. घणसोलीच्या या सोसायटीत ते आणि आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. मूळचे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे. रबाळ्याला लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात रंगकामावर आहेत. सांगाडा घासायचा, पुसायचा, त्यावर लाल प्राइमर मारायचा. पन्नाशी आली तरी अंगावर चरबी नाही. बोलणं कमी. सोसायटीच्या सभेत एकदाच बोलले होते, टाकीवर चढायची शिडी सैल आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन ती आवळून आले.

नोकरीला लागले त्याच हिवाळ्यात एका सहकाऱ्याने त्यांना दोर धरायला म्हणून डोंगरात नेलं. चढणारा वर जातो, खालचा त्याचा दोर हिशेबाने सोडतो आणि तो घसरला तर दोर रोखून त्याला तोलतो. चांगदेवभाऊ महिनाभर खाली उभे राहिले, मग वर गेले. पुढे लग्न झालं. पहिल्याच हिवाळ्यात मीनाला भिंतीपाशी घेऊन गेले, तर ती म्हणाली, मी काय नुसतं बघत बसू? त्यांनी तिच्या हातात दोर दिला. तिने तो चोवीस हिवाळे धरला. आमचे हे, म्हणजे रावसाहेब, तिला जिन्यात गाठून म्हणायचे, "नवऱ्याला दोरीला बांधून फिरवणारी सोसायटीत तू एकटीच." मीना म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे बांधण्याइतके वर कुठे जातात?"

दीड वर्षापूर्वी गौरी बसल्या त्या दिवशी मीनाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. लेक भावना पुण्याला नोकरीला आहे, ती महिनाभर राहून गेली. चांगदेवभाऊ कारखान्यात असतात तेवढा वेळ एक बाई येते. शुक्रवारी त्यांची सुट्टी, म्हणून त्या बाईलाही सुट्टी. पहिला हिवाळा त्यांनी घरातच काढला. दोर कपाटावर होता. पावसाळा संपता संपता मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी सहा ते दहा मी मीनाजवळ बसते, तुम्ही जाऊन या.

"चार तासांत डोंगर कुठे होतो, वहिनी?"

"मग छोटा बघा."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पाठकोरी वही काढली. पूर्वी ते आदल्या रात्री निघून तीन-तीन तास चालत सुळक्यांच्या पायथ्याला जायचे. आता चार तास, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटं. शंभर तरी चढायला हवीत, त्याच्या आत जाण्यात अर्थ नाही. उरली एकशेचाळीस. त्यांत मोटरसायकलचं जाणं-येणं आणि रस्त्यापासून भिंतीपर्यंतचं चालणं बसवायचं. पन्नास मिनिटांच्या पलीकडे गाडी नको आणि वीस मिनिटांच्या पलीकडे पायवाट नको. गाडी ठेवायला ओळखीची टपरी असली तर बरी.

भिंतही सरळ पश्चिमेकडे तोंड केलेली हवी. सकाळी तिच्यावर सावली असते. दगड गार असला की बोटं धरून राहतात, तापला की घाम सुटतो आणि पकड सुटते. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या पुरणपोळीच्या कणकेचंही तसंच आहे, तर ते खरोखर विचार करायला लागले.

दसऱ्यापासून त्यांनी शोध सुरू केला. कामावर जाता-येता उड्डाणपुलावर गाडी बाजूला घेऊन डोंगर बघायचे. टँकरवाल्यांना विचारायचे, रस्त्याच्या जवळ उघडा कातळ कुठे आहे. एक भिंत सात मिनिटांवर मिळाली, पण शेजारी खाण, दगड सगळा हादरून सैल झालेला. दुसऱ्या भिंतीवर आग्या मोहोळाची चार पोळी. तिसरी चांगली होती, तर तिथे जायचं फाटकच आठला उघडायचं. दर शुक्रवारी परत आले की मीनापुढे वही धरायचे आणि ती डाव्या हाताच्या बोटाने त्या पानावर आडवी रेघ ओढायची. नापास.

कार्तिकात पनवेलच्या पुढे त्यांना ही भिंत सापडली. पायथ्याशी ठाकरांचा पाडा आहे. जागेचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलं आहे. रस्त्यापासून अठरा मिनिटं. तोंड पश्चिमेला. उंची आमच्या दोन इमारती एकावर एक ठेवाव्यात एवढी. मीनाने त्या पानावर रेघ ओढली नाही. पान बराच वेळ बघत राहिली.

दोर धरायला माझा भाचा अश्विन जाऊ लागला. तो द्रोणागिरीला गोदामात असतो आणि त्याला शुक्रवारी दुपारची पाळी असते. डिसेंबरात सकाळी सातलाही त्या पायथ्याशी नीट दिसत नाही, गवत छातीएवढं. मधली वाट नेमकी कुठून सुरू होते ते शोधण्यात दर वेळी दहा मिनिटं जायची. दहा मिनिटं म्हणजे शंभरातली दहा. म्हणून चांगदेवभाऊंनी पहिलं पाऊल जिथे टाकायचं त्या फुगीर दगडाखाली तळहाताएवढा लाल ठिपका मारला.

दहाला घरी आले की ते मीनाच्या शेजारी बसायचे आणि आज काय काय झालं ते पायथ्यापासून सांगायचे. "पहिली खोबण डावीकडे, चार बोटांची. मग उजवीकडे धार, ती चिमटीत. मग जरा लांब हात." मीनाचा डावा हात चादरीवर तसतसा सरकायचा. मधली वाट त्यांना अजून पूर्ण जमलेली नव्हती. वरच्या टप्प्यात ते दर वेळी अडायचे. ती मान हलवायची आणि म्हणायची, "पाय." म्हणजे हाताने ओढू नका, पाय वर घ्या. तिचं बरोबरच असायचं.

आता माझं सांगते. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारनंतरचा शुक्रवार होता. भावना पुण्याहून आली होती, म्हणून मी मोकळी होते. किल्ली आदल्या दिवशीच आमच्यातल्या सुचिताताईंना दिली होती. अश्विन म्हणाला, "मावशी, एवढं वीस मिनिटं वीस मिनिटं ऐकतेस, चल एकदा." मी सहासष्ट किलोची बाई, गुडघे दुखतात, पण गेले. मला अठ्ठावीस मिनिटं लागली. चांगदेवभाऊंना त्या दिवशी भिंतीची कडेची वाट चढायची होती, म्हणून ते आणि अश्विन दोर घेऊन पुढे निघून गेले, मी पायथ्याला टेकले. समोर बघते तर गवतात एक फुगीर दगड आणि त्याच्या खाली लाल गोल. शेंदरापेक्षा काळपट होता, पण जुना शेंदूर तसाच दिसतो. खाली एक चपटा दगडही होता, कुणी ठेवल्यासारखा. माझ्या पिशवीत गुरुवारच्या पूजेतली न वाहिलेली शेवंतीची चार फुलं होती, हळदकुंकवाची पुडी तर असतेच. मी ते वाहिलं, हात जोडले, मीनाच्या हातासाठी मागितलं.

डोळे उघडले तर दोन बायका मोळ्या टेकवून उभ्या होत्या. एक म्हातारी, नाव वेणूबाई, दुसरी तिची सून शालन.

"कुठला देव गो हा, बाय?" वेणूबाईने विचारलं.

मी म्हटलं, "तुमचाच ना?"

तिने एकदा दगडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आसंल," म्हणाली. मग तिनेही हात जोडले, तिचं बघून शालनने.

एवढंच झालं होतं. चांगदेवभाऊंना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण वाटेतल्या देवाला हात जोडल्याचं कुणी कुणाला सांगत नाही.

वालाच्या त्या शुक्रवारनंतर रविवारी अश्विन आमच्याकडे आला. म्हणाला, "मावशी, काका दोर देऊन टाकतायत. माझ्या ग्रुपला उपयोगी पडेल म्हणतात. पुन्हा भिंत शोधण्यात उरलेला हिवाळा जाईल, तेवढं आता होणार नाही म्हणाले."

मी त्याच्याबरोबर समोर गेले. चांगदेवभाऊंनी पिशवी पुसून पलंगाच्या कडेला ठेवली होती. अश्विनने उचलायला हात घातला तर ती उचलली जाईना. मीनाने पट्टा डाव्या मुठीत धरला होता.

"मीना, सोड," चांगदेवभाऊ म्हणाले.

तिने सोडला नाही. कुणाकडे बघितलंही नाही, पट्ट्याकडेच बघत राहिली. अश्विन माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा मी सांगितलं की पहिलं फूल माझं.

अश्विन खोलीभर हसला. "मावशी, तू देव बसवलास? पोथी वाचून पुण्य कमी पडत होतं का?"

"गप्प बस रे."

चांगदेवभाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "ठिपका मी मारला, वहिनी. तुम्ही नुसते हात जोडलेत."

"मग मी जाऊन सांगते त्यांना, की तो रंग आहे म्हणून."

"मी नाही जाणार. चढणाऱ्याने पाड्याशी वाद घातला की ती जागा सगळ्यांनाच बंद होते. तुम्ही जा, पण पुसून टाका असं म्हणू नका."

पुढच्या शुक्रवारी मीनाजवळ तेच बसले आणि देवळाच्या वेळेआत परतायचं म्हणून मी पहाटेच अश्विनबरोबर पाड्यावर गेले. वेणूबाई अंगणात शेण सारवत होती. अर्धं अंगण ओलं होतं, म्हणून तिने मला कडेने यायला सांगितलं.

"ये बाय. देवाला आलीस?"

मी सगळं मनात ठरवून गेले होते.  "वेणूबाई, तो देव नाही. तो रंग आहे, लोखंडाला मारतात तो. चढणाऱ्या माणसाची खूण आहे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि हात पुन्हा शेणात घातला. "माजा दिपेस गेटाला लावतो तोच ना. पयल्याच दिशी वळखला."

"मग नारळ कशाला फोडलेत?"

"तू हात जोडलेस ना! म्हटला, शेरातली बाय धापा टाकत यवरी वर येते, ती काय उगाच हात जोडंल? रंग कोनाचा बी आसंल, आत कायतरी आसंल."

"मला वाटलं देव तुमचा."

"आन आमाला वाटला तुजा."

शालन दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. अश्विन तर अंगणाबाहेरच गेला. मीही हसले. मग मी विचारलं, त्या माणसाने पुन्हा तिथून चढलं तर चालेल का?

वेणूबाईचं हसणं थांबलं. "आता नाय बाय. शालनने नवस केलाय. तिची पोर पयल्यांदा बालंत व्हायची हाय, चैतात. तवर त्याच्यावर पाय नाय पराचा."

 माझ्या हातून सुरू झालेल्या गोष्टीपाशी एका बाईने लेकीसाठी काही मागितलं होतं, मी मीनासाठी मागितलं तसंच. तिथे रंगाचा डबा मध्ये आणायचा नाही, एवढं मला कळतं. आणि चैत्रात दगड तापतो, म्हणजे त्यांचा हिवाळा संपलेला असतो.

मी उठले तेव्हा वेणूबाई म्हणाली, "तो मानूस चांगला हाय पन. पानी मागून पितो, लोटा इसलून पालथा घालतो. त्याला सांग, वढ्याच्या पल्याड दुसरी दगडी हाय. उन्हं दुपारची येतात. आग्या मव नाय, देव नाय."

"किती लांब?"

"ही काय, जवलच."

अश्विन मोबाइलवर वेळ लावून जाऊन आला. भिंत मोठी आहे म्हणाला, पहिलीपेक्षा सरस, सावलीही तशीच. पण रस्त्यापासून एक्केचाळीस मिनिटं.

घरी येऊन आम्ही ते सांगितलं. चांगदेवभाऊंनी पाठकोरी वही काढली. शंभर मिनिटं गाडीची. ब्याऐंशी चालण्याची. "अठ्ठावन्न उरतात," ते म्हणाले. "बूट बदलून दोर बांधून होईतो त्यातली वीस जातात. नाही बसत, वहिनी." त्यांनी पान मीनापुढे धरलं. तिने बोट पानावर ठेवलं. रेघ ओढली नाही, बोट उचललंही नाही.

मी म्हटलं, "दहाऐवजी पावणेअकरा धरा."

"साडेदहाला तुमचं देऊळ असतं."

"असतं. मी नसले तरी असेलच."

"एकोणीस वर्षांचा नेम आहे तुमचा. या कामासाठी मोडू नका. मला ते पटणार नाही."

"नेम श्रीसूक्ताचा आहे, देवळाचा नाही. इथे बसून म्हणेन. मीना ऐकेल. तुमच्या खोबणी ऐकते, ते काय फार वेगळं आहे?"

ते वहीकडे बघत राहिले.  मग मीना म्हणाली, "पाय." चांगदेवभाऊंनी मान वर केली. तिने त्यांच्या बुटांकडे बोट केलं, पलंगाखाली ठेवले होते तिकडे.

त्यांनी वहीत पंचेचाळीस लिहिलं, बेरीज केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: रंग नको, खुणेला दगडावर दगड ठेवणे. मग ती खोडली. म्हणाले, दगडावर दगड ठेवला तर त्याचंही काहीतरी होईल. गवताला गाठ मारीन.

हे सगळं गेल्या शुक्रवारचं. आज गुरुवार. घरी रावसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शुक्रवारी नाश्ता आता अकराला?" मी म्हटलं, पोहे कुठे ठेवलेत ते दाखवते. वाल पुन्हा भिजत घातलेत, मोड यायला उद्याचा दिवस जाईल. श्रीसूक्ताची छोटी पोथी पिशवीत ठेवली. समोरच्या घरात चांगदेवभाऊ दोर तपासत असावेत. हातभर ओढायचा, बोटांनी चाचपायचा, पुढचा हातभर ओढायचा, असं ते आदल्या दिवशी करतात, आणि दुसरं टोक मीनाच्या मांडीवर असतं.

कपाटाची किल्ली देव्हाऱ्याच्या खुंटीला होती, ती काढून रुमालात बांधली आहे. आता सुचिताताईंकडे जाऊन ती त्यांना द्यायची आहे.